आर्ट क्विल्ट आणि स्टुडिओतलं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकायला येणारे, प्रदर्शनात क्विल्टपुढे रेंगाळणारे, मशीन विकत घेऊन सहा महिने खोक्यात ठेवलेले, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. मी ज्यांची उत्तरं हाताने काम करून मिळवली आहेत तेवढेच इथे घेतलेत. ज्यांना "सुचतच नाही" ही एकच तक्रार आहे त्यांनी पहिले दोन प्रश्न खुशाल सोडून द्यावेत.

आर्ट क्विल्ट म्हणजे शेवटी गोधडीच ना?

रचना गोधडीचीच. वर एक थर, मधे बॅटिंग म्हणजे मऊ भरण, खाली अस्तर आणि तिन्हींना एकत्र धरणारे टाके. गोधडी अंगावर घ्यायची म्हणून शिवतात, ही बघायची म्हणून. इव्हॉन पोर्सेला यांनी १९८९ साली सुरू केलेली स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स ही संस्था व्याख्या बरीच सैल ठेवते: थर आणि टाके असलेली, किंवा त्या रचनेचा नुसता संदर्भ घेणारी दृश्यकलाकृती. म्हणजे कागद, जाळी, प्लॅस्टिक, जुनी पाकिटं, काहीही चालतं.

माझा निकष जरा कडक आहे. टाके उसवून टाकले आणि चित्रात काहीच फरक पडला नाही, तर ते चित्र रंगवलं असतं तरी चाललं असतं.

याला कला म्हणायला कधी सुरुवात झाली?

वर्ष सांगायचंच तर १९७१. जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या जुन्या अमेरिकन क्विल्ट्स न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर टांगल्या गेल्या, आधुनिक अमूर्त चित्रं टांगावीत तशा. लोकांचे डोळे उघडले हे खरं. पण त्या प्रदर्शनात रेषा-रंगांचं जेवढं कौतुक झालं तेवढी शिवणाऱ्या बायकांची विचारपूस झाली नाही, आणि ते मला अजून खुपतं. अलाबामातल्या जीज् बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कामाच्या झिजक्या कपड्यांतून शिवलेल्या क्विल्ट्स २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि नंतर व्हिटनीत लागल्या, तेव्हा त्या करणाऱ्यांच्या नावांसकट लागल्या. मधे एकतीस वर्षं गेली.

दरम्यान १९७९ मध्ये ओहायोत, पूर्वी गाईंचा गोठा असलेल्या इमारतीत, क्विल्ट नॅशनल हे फक्त समकालीन क्विल्ट्सचं प्रदर्शन सुरू झालं. ते अजून दर दोन वर्षांनी भरतं. त्याच वर्षी ओल्फा कंपनीने फिरत्या पात्याचा रोटरी कटर बाजारात आणला. योगायोग आहे, पण मला गमतीचा वाटतो. कात्रीने दिवसभर कापावे लागणारे तुकडे तासाभरात व्हायला लागले आणि उरलेला वेळ विचार करायला मिळाला.

कल्पना कुठून येतात?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असं असतं की आधी कल्पना येते आणि मग कापड. माझ्याबाबतीत असं क्वचितच घडलंय. उदाहरण सांगते.

माझ्या स्टुडिओला पश्चिमेकडे एक खिडकी आहे, गजांची. एका दुपारी मी कापायला बसले होते आणि काहीच धड होत नव्हतं. फरशीवर खिडकीची सावली पडली होती. हातात मास्किंग टेप होती, म्हणून तीन वाजता त्या सावलीच्या कडेने टेप लावली. साडेतीनला सावली सरकलेली दिसली, पुन्हा लावली. असं साडेपाचपर्यंत चाललं आणि फरशीवर एकमेकांत घुसलेले सहा वाकडे चौकोन तयार झाले. प्रत्येक आधीच्यापेक्षा लांबट, जास्त कललेला.

इथपर्यंत ही फक्त रिकामटेकडेपणाची गोष्ट आहे. क्विल्ट सुरू झाली ती टेप काढताना. गुडघ्यांवर बसून टेप सोलत होते तेव्हा लक्षात आलं की खालच्या गजाची, भिंतीलगत पडलेली सावली सुरीने कापल्यासारखी धारदार होती, आणि वरच्या गजाची, खोलीत दूर पडलेली सावली पुसट. त्या कडेवर टेप नक्की कुठे लावायची हेच मला ठरवता आलं नव्हतं, म्हणून तिथे दोन-दोन पट्ट्या होत्या. वस्तू जमिनीपासून जितकी लांब तितकी सावलीची कड विरघळते, कारण सूर्य हा ठिपका नाही, आकाशातली चांगली रुंद थाळी आहे. शाळेत शिकलो होतो. पण प्रश्न शिवणाचा झाला: धारदार कड आणि विरलेली कड एकाच कापडात कशी आणायची? धारदार कडा मी सरळ जोडशिवणीने केल्या, पाव इंच माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोडून. पुसट कडांसाठी ऑर्गन्झा या पातळ, पारदर्शक कापडाचे कच्च्या कडेचे तुकडे एकावर एक सरकवून ठेवले आणि त्यावर टाके बाहेरच्या बाजूला विरळ करत नेले.

कल्पना फरशीवर होती असं म्हणता येईल, पण फरशी रोज तिथेच होती. टेप लावायला हात गेला म्हणून दिसली. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगते, सुचायची वाट बघत बसू नका, हाताला काहीतरी मोजायला, कापायला, चिकटवायला द्या.

पण खरंच काही सुचत नसेल तर?

मग साफसफाई करू नका. साफसफाई हा स्टुडिओतला सगळ्यात प्रतिष्ठित टाळाटाळीचा प्रकार आहे. कापडं रंगाप्रमाणे लावून झाली की दिवस संपतो आणि काम केल्याचं समाधानही मिळतं, तेच घातक.

त्याऐवजी मी चिंध्यांची पेटी उलटी करते. मागच्या कामातून उरलेल्या तुकड्यांना आकार असतो, तोही तुम्ही ठरवून न दिलेला. कमान कापली की कमानीबाहेरचा जो कोपरा उरतो, तो मुद्दाम काढायला बसलात तर येणार नाही. त्यातले दहा तुकडे घ्यायचे, न बघता. एक फूट बाय एक फूटच्या जागेत बसवायचे. कापडात भर घालायची नाही, तुकडे आणखी कापले तर चालतील. तासाभरात थांबायचं. दहातले आठ प्रयत्न टाकाऊ निघतात. निघू देत. उरलेल्या दोनांत कुठेतरी दोन रंग असे शेजारी येतात की तुम्ही ते आपणहून कधीच ठेवले नसते.

दुसरा उपाय बंधनाचा. एकच रंग, त्याच्या फक्त छटा. किंवा फक्त सरळ रेघा. किंवा एक घर आठवड्यातून सात वेळा, दर वेळी वेगळ्या आकारमानात. सगळ्या रंगांचं कापड समोर असलं की हात बांधल्यासारखे होतात, हे अनुभवाशिवाय पटत नाही.

आणि दुसऱ्यांच्या क्विल्ट्सचे फोटो बघण्याबद्दल विचाराल, तर काम चालू असताना मी बघत नाही. शिकायला होतं, पण स्वतःचं काम अर्धं असताना दुसऱ्याचं पूर्ण झालेलं बघितलं की आपलं उसवावंसं वाटतं.

आधी स्केच करावं का?

करावं आणि मग त्याच्याशी फार प्रामाणिक राहू नये. पेन्सिलीच्या रेघेला जाडी नसते, शिवणीला असते. तीन कोपरे एका बिंदूत भेटतात असं कागदावर सहज काढता येतं; कापडात तिथे मागे मायेचे सहा थर जमतात आणि गाठ होते. मी तळहाताएवढी चित्रं काढते, पाच-सहा, फक्त गडद-फिकं दाखवणारी, आणि त्यातलं एक भिंतीला टाचून ठेवते.

भिंतीवर कापड लावून काय बघत बसता?

स्टुडिओत एकच गोष्ट घेता येणार असेल तर मशीनच्या आधी भिंत घ्या. थर्मोकोलचा किंवा फोमचा मोठा तक्ता, त्यावर फ्लॅनेल ताणून बसवलेलं, झालं. फ्लॅनेलच्या लवेला सुती तुकडा टाचणीशिवाय चिकटून राहतो, म्हणून तो उचलून दुसरीकडे लावायला एक सेकंद लागतो. टाचणी काढायला पाच सेकंद लागले असते, आणि त्या पाच सेकंदांच्या आळसापायी माणूस "असू दे, बरं दिसतंय" म्हणतो.

टेबलावर काम दोन फुटांवरून दिसतं. बघणारा ते आठ-दहा फुटांवरून बघणार आहे. खोली लहान असेल तर दरवाज्याला बसवतात ते बाहेरचा माणूस बघायचं भिंग सुटं मिळतं, त्यातून बघा. काम एकदम लहान, लांबवर दिसतं आणि नको तिथे उजळलेला तुकडा टोचायला लागतो. दुर्बीण उलटी धरूनही हेच होतं. मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढणं हा आणखी सोपा मार्ग. लाल आणि हिरवा डोळ्यांना भांडताना दिसतात, फोटोत कधीकधी दोघे एकाच करड्या रंगात विरघळून जातात. मग कळतं, रेघ दिसत का नव्हती ते.

सावलीची क्विल्ट भिंतीवर तीन आठवडे होती. रोज सकाळी आत येताना पहिली नजर कुठे जाते एवढंच मी बघायचे. अकरा दिवस नजर खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका मोहरी रंगाच्या तुकड्यावर जात राहिली. मला तो तुकडा फार आवडत होता. बाराव्या दिवशी काढला.

कोणतं कापड घ्यावं?

सुरुवातीला घट्ट विणीचं सुती. इस्त्री मानतं, घडी धरतं, सुईखाली पळत नाही. रंगीत कापड आधी धुऊन घ्या, विशेषतः गडद लाल आणि निळं, कारण ते रंग सोडतं आणि शेजारचा पांढरा बळी जातो. उरेब, म्हणजे विणीला तिरका, कापलेला तुकडा ताणला जातो, म्हणून मोठ्या कामाच्या बाहेरच्या कडेला उरेब येऊ देऊ नका, नाहीतर क्विल्ट भिंतीवर झालरीसारखी लाटा मारते.

रेशीम, ऑर्गन्झा, जाळीदार ट्यूल, जुने शर्ट, सगळं पुढे येईलच. सिंथेटिक कापडाला आधी इस्त्रीचं टोक एका चिंधीवर लावून बघा. वितळलेलं ऑर्गन्झा इस्त्रीवरून खरवडण्यात मी एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

बॅटिंगचं म्हणाल तर सुती सपाट पडतं, लोकरीचं टाक्यांमध्ये फुगून उठाव देतं, पॉलिएस्टर हलकं असतं. टाक्यांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे वेष्टणावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

कापड स्वतः रंगवावं का?

छटांची भूक लागली असेल तर हो. सुतीला फायबर-रिअ‍ॅक्टिव्ह रंग सोयीचे. ते १९५६ मध्ये प्रोसियन नावाने बाजारात आले. धाग्याशी रासायनिक बंध करतात, उकळावं लागत नाही, सोडा अ‍ॅश घातला की साध्या तापमानालाही पक्के होतात. कोरडी पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, आणि त्या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकाकडे नेऊ नका. इथे निष्काळजीपणा परवडत नाही. कापड पाण्यात मोकळं हलवत राहिलं तर रंग एकसारखा येतो, चुरगळून कोंबलं तर ढग येतात. मला ढगच हवे असतात.

मशीन कोणतं?

सरळ टीप नीट मारणारं आणि फीड डॉग, म्हणजे कापड पुढे सरकवणारे सुईखालचे दाते, खाली करता येणारं किंवा झाकता येणारं कुठलंही. शंभर कशिद्याचे नमुने असलेलं घेतलंत तर त्यातले तीन वापराल. पैसे उरले तर दिव्यावर खर्च करा.

फ्री मोशन करताना मागे दोऱ्याचा गुंता होतो. काय चुकतं?

फ्री मोशनमध्ये फीड डॉग बंद असतात, डार्निंग फूट, म्हणजे कापड मोकळं सरकू देणारं फूट, लावलेलं असतं आणि कापड तुम्ही दोन्ही हातांनी सरकवता. टाक्याची लांबी आता मशीनकडे नाही, हाताच्या आणि पायाच्या ताळमेळात आहे. हात मशीनपेक्षा जोरात पळाला, विशेषतः वळणावर, की मागे पापण्यांच्या केसांसारखे टाके दिसतात. त्यावर इलाज म्हणजे हात हळू करा आणि वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, थोडं वाढवा.

पण मागे सरळ वेटोळीच पडत असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. त्या पुसट कडांवर मी करड्या दोऱ्याने अडीच तास टाके घातले. वरून सुंदर. उलटून बघितलं तर अस्तरावर नूडल्ससारखा दोरा. झालं असं होतं की रीळ बदलताना प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खालीच होतं. फूट खाली असलं की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये जातच नाही, वरून नुसता लोंबतो. दोष वरच्या दोऱ्याचा, आणि दिसतो मात्र खालच्या बाजूला, म्हणून माणूस तासभर बॉबिनच तपासत बसतो. मीही बसले. मग दोन दिवस उसवलं. घट्ट विणीच्या कापडातली सुईची भोकं पाण्याचा फवारा मारूनही पूर्ण बुजली नाहीत. सावलीच्या कडेला बारीक टिंबांची रांग राहिली. शेवटी तिच्यावर ऑर्गन्झाचा आणखी एक तुकडा चढवला. आता ती कड सगळ्यात पुसट आहे आणि बघणारे नेमके तिथेच बोट दाखवतात.

तेव्हापासून रीळ बदललं की फूट वर, मग दोरा, मग त्याच तीन थरांच्या एका तुकड्यावर दहा-बारा टाके, आणि उलटून बघणं. सुईही बदलत चला, साधारण आठेक तासांच्या शिवणीनंतर. टक-टक आवाज यायला लागला म्हणजे आधीच उशीर झालाय. दोऱ्याच्या आकड्यांबद्दल सगळे गोंधळतात: आकडा मोठा तितका दोरा बारीक. ४० नंबर उठून दिसतो, ५० त्याहून बारीक, १०० नंबरचं रेशीम जवळजवळ नाहीसंच होतं.

दुसऱ्याचा फोटो बघून क्विल्ट केली तर चालते का?

घरात सरावासाठी करा. प्रदर्शनाला द्यायची किंवा विकायची तर परवानगी घ्या, लेखी. रंग बदलले, उलटं केलं, कापडात आणलं म्हणून ते तुमचं होत नाही. स्वतः काढलेला वाईट फोटो दुसऱ्याच्या देखण्या फोटोपेक्षा उपयोगी असतो, कारण तो काढताना तुम्ही तिथे उभे होता आणि फोटोत न आलेलंही तुम्हाला आठवतं.

क्विल्टमधून गोष्ट सांगता येते का, की नुसते आकार?

बेलाशक. फेथ रिंगगोल्ड यांनी १९८० मध्ये पहिली क्विल्ट केली ती आपली आई विली पोझी यांच्यासोबत. आई कपड्यांच्या डिझायनर होत्या. पुढे रिंगगोल्ड चित्रांच्या कडेने कापडावर चक्क मजकूर लिहायला लागल्या. त्याआधी जवळपास शंभर वर्षं, जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स यांनी बायबलमधल्या कथा आणि १८३३ सालचा उल्कापात कापडी आकृत्यांत शिवून ठेवला. त्यांच्या दोनच क्विल्ट्स उरल्या आहेत, एक स्मिथसोनियनमध्ये, एक बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात.

किंमत कशी ठरवायची?

तासांचा हिशेब ठेवा, सामानाचा ठेवा, आणि चौरस इंचाचा एक दर ठरवून सगळ्या कामांना तोच लावा, म्हणजे लाडकं-दोडकं होत नाही. यापलीकडे मी काही शहाणी नाही. पॉवर्सबाईंनी आपली बायबल क्विल्ट आधी विकायला नकार दिला होता. पुढे तंगी आली तेव्हा दहा डॉलर मागितले, पाच मिळाले. प्रत्येक चौकटीत काय आहे ते त्यांनी घेणारीला समजावून सांगितलं, आणि नंतर ती क्विल्ट बघायला त्या पुन्हा पुन्हा जात राहिल्या.

कडा बांधाव्यात की नुसत्या दुमडाव्यात?

पट्टीची मगजी लावली की चौकट तयार होते, नजर तिथे थांबते. चौकट नको असेल तर कडेला पट्टी जोडून ती पूर्ण मागे वळवा आणि हाताने टाके घाला. समोरून काहीच दिसत नाही. सावलीला चौकट शोभली नसती.

पूर्ण झाली हे कसं कळतं?

मला कळत नाही. प्रवेशिकेची तारीख आली की होते.

टांगायची कशी आणि जपायची कशी?

मागे वरच्या कडेला चार इंच रुंदीची कापडी नळी हातशिलाईने लावा, फक्त अस्तर आणि बॅटिंग पकडून, टाका समोर येऊ न देता. त्यात पट्टी घालून टांगली की वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. खिळे किंवा चिमटे लावलेत तर वर्षभरात कोपरे ओघळतात. मागे कापडाचाच एक तुकडा शिवून त्यावर नाव, वर्ष आणि कशाकशाचं कापड आहे ते लिहा, न पुसणाऱ्या शाईने. ठेवताना घडी नको, गुंडाळी करा, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून. घडी करावीच लागली तर दर काही महिन्यांनी वेगळ्या जागी मोडा.

आणि उन्हापासून लांब. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही, नुकसान थोडं थोडं साठत जातं. खिडकीसमोरची भिंत म्हणूनच बाद. माझी ती सावलीची क्विल्ट स्टुडिओत आहे, पण उत्तरेकडच्या आतल्या भिंतीवर. दुपारचं ऊन रोज साडेपाचपर्यंत फरशीवरून सरकत येतं आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबतं.